साठ चौरस फुटांत सालाचा साठा

व्यापारी कुटुंबात वाढलेल्या माणसाला साठा म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही. कोणता माल दर्शनी ठेवावा, कोणता गोदामात टाकावा, कोणत्या मालाला उठाव नाही म्हणून तो प्रसंगी तोट्यातही काढून टाकावा, हे ज्ञान दुकानाच्या पायरीवर बसून लहानपणीच अंगी मुरते. दुकानातल्या एका फळीचे भाडे काय पडते, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला तोंडपाठ असते. मात्र तोच गृहस्थ सायंकाळी घरी परततो, तेव्हा हे सारे ज्ञान पादत्राणांसोबत दाराबाहेर राहते. दुकानात पंधरवड्याचा माल ठेवणारा माणूस घरात सालाचा गहू भरतो, आणि तो ठेवायचा कोठे, हा प्रश्न घरातील स्त्रियांवर सोपवून मोकळा होतो.

पूर्वी या प्रश्नाला उत्तर होते. पेठेतील जुन्या घरात खाली दुकान, वर राहणे, आणि स्वयंपाकघराला लागून कोठीघर अशी रचना असे. गहू, ज्वारी, डाळी, गुळाच्या ढेपा, तेलाचे डबे, पापड-कुरडयांची पिंपे यांना कोठीघरात स्वतःची जागा होती. स्वयंपाकघरात केवळ त्या दिवसाचे आणि फार तर त्या आठवड्याचे सामान येई. आज कुटुंबे सदनिकांत आली. कोठीघर मागे राहिले. त्यातील सामान मात्र सोबत आले. आजच्या स्वयंपाकघराची अडचण येथून सुरू होते. स्वयंपाकघर लहान झाले, यापेक्षा एका खोलीवर दोन खोल्यांचे काम आले, हे अधिक खरे आहे.

कागदावरची जागा आणि हाताला मिळणारी जागा

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे, जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४ चौरस फूट, आणि रुंदी किमान १.८ मीटर असावी. साठवणीची खोली वेगळी असेल तर हे क्षेत्र ४.५ चौरस मीटरपर्यंत कमी चालते. स्वयंपाकघरातच जेवायचे असेल तर मात्र ७.५ चौरस मीटर हवे. नियम करणाऱ्यांनाही साठवण आणि स्वयंपाक ही दोन निराळी कामे वाटली, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता आठ फूट लांब आणि साडेसात फूट रुंद, म्हणजे बरोबर साठ चौरस फुटांचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणावे. शहरांतील मध्यम सदनिकांत असे स्वयंपाकघर सर्रास आढळते. घरात सहा माणसे आहेत असे समजावे: आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे. आठ फूट लांब, दोन फूट रुंद ओट्याने सोळा चौरस फूट घेतले. शीतकपाटाने पाच घेतले. धान्याच्या दोन पिंपांनी मिळून आणखी पाच, आणि घरघंटीने अडीच. पाय ठेवायला उरले सुमारे ३१ चौरस फूट. त्यातही शीतकपाटाचे आणि खालच्या कपाटांचे दार उघडायला जागा लागतेच.

ओट्याचा हिशेब याहून कठोर आहे. आठ फुटांपैकी दोन फूट सिंकचे, एक फूट भांडी निथळण्याच्या जाळीचे, अडीच फूट शेगडीचे. उरले अडीच फूट. त्यावर मिक्सरने एक फूट आणि पाण्याच्या हंड्याने एक फूट अडवला, की पोळी लाटायला अर्धा फूट राहतो. अर्ध्या फुटात पोळपाट बसत नाही. मग सून जेवणाच्या टेबलावर पोळ्या लाटते आणि प्रत्येक पोळी उचलून शेगडीपर्यंत नेते. सहा माणसांच्या वीस-बावीस पोळ्या म्हणजे तितक्याच फेऱ्या, त्याही दोन वेळा. घरातील माणसांना याची सवय होते आणि सवयीपोटी ही अडचण दिसेनाशी होते.

व्यापारात ज्याला खेळते भांडवल म्हणतात, तेच स्थान स्वयंपाकघरात मोकळ्या ओट्याचे आहे. दुकानात माल भरगच्च असून हातात रोकड नसेल तर धंदा अडतो; स्वयंपाकघरात कपाटे भरगच्च असून ओटा मोकळा नसेल तर स्वयंपाक अडतो. म्हणून लहान स्वयंपाकघराची पहिली मोजणी कपाटांची नव्हे, मोकळ्या ओट्याची करावी. सलग अडीच ते तीन फूट मोकळे असतील तर साठ चौरस फुटांतही काम सुखाने होते. ते नसतील तर शंभर चौरस फूटही अपुरे पडतात.

सालाची खरेदी खरोखर स्वस्त पडते काय?

उन्हाळ्यात वर्षभराचा गहू, तूरडाळ, हळद-तिखट भरण्याची चाल जुनी आहे आणि तिच्यामागे विचार होता. हंगामात भाव उतरलेला असे, माल निवडक मिळे, आणि पावसाळ्यात वाटा बंद पडत. आजही अनेक घरांत ओळखीच्या शेतकऱ्याकडून गहू येतो. त्या गव्हाच्या पोळीची चव निराळी असते, हे कोणी नाकारणार नाही. तथापि हिशेब करताना दोन्ही बाजू मांडाव्यात.

सहा माणसांच्या घराला महिन्याला २० किलो गहू लागतो असे धरले, तर वर्षाचा २४० किलो झाला. एक लिटर मापात पाऊण किलोच्या आसपास गहू मावतो. म्हणजे वर्षाच्या गव्हाला सुमारे ३२० लिटरची, अर्थात साडेअकरा घनफुटांच्या जवळपास जागा लागते. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि जवळजवळ तीन फूट उंच अशी ती जागा झाली. महिन्याच्या गव्हाला हेच माप अवघे २७ लिटर आहे.

आता समजा, हंगामात घेतल्याने किलोमागे ४ रुपये वाचले. वर्षाची बचत ९६० रुपये झाली. जागेचा भाव चौरस फुटाला १०,००० रुपये धरला, तर गव्हाने अडवलेल्या चार चौरस फुटांची किंमत ४०,००० रुपये होते. सात टक्के दराने त्यावरचे वर्षाचे व्याज २,८०० रुपये. पिंपांच्या वरच्या जागेत फळ्या मारून ती वापरात आणली आणि गव्हाच्या वाट्याला निम्माच भार धरला, तरी १,४०० रुपये होतात. भाव गावोगावी बदलतील. मांडणी हीच राहील. ९६० रुपये वाचवण्यासाठी १,४०० रुपये मोजले जातात, आणि ते कोणत्याही वहीत चढत नसल्यामुळे कोणाला खुपत नाहीत. शिवाय गहू दरमहा कमी होत जातो, पिंप मात्र आकाराने कमी होत नाही. फाल्गुनात तळ गाठलेले पिंपही वैशाखाइतकीच जागा अडवून उभे असते.

याचा अर्थ ओळखीच्या शेतकऱ्याचा गहू सोडावा असा नाही. तो दुकानाच्या गोदामात किंवा पलंगाखालच्या पेटीत ठेवून स्वयंपाकघरात दरमहा एक डबा आणता येतो. ज्यांचे स्वतःचे किराणा किंवा धान्याचे दुकान आहे, त्यांना तर घरात महिन्याहून अधिक साठा करण्याचे कारणच नाही. दुकान हेच त्यांचे कोठीघर होय.

जैन घरांत या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. पावसाळी दमट हवेत धान्याला कीड लागते. भरपूर धान्य अंधाऱ्या कोपऱ्यात महिनोन्‌महिने पडून राहिले की ते वरचेवर पाहिले जात नाही, आणि जे पाहिले जात नाही त्यातच जीवोत्पत्ती होते. थोडे धान्य, वारंवार निवडलेले, हीच जीवदया पाळण्याची सोपी वाट आहे. ऋतूप्रमाणे पिठाची मर्यादा पाळणाऱ्या घरांत पीठ आधीच थोडे असते. ही चाल जागेच्या दृष्टीनेही फायद्याची आहे. कारण लिटरभर मापात पीठ अर्ध्या किलोच्या थोडेच वर मावते. पाच किलो गहू साडेसहा लिटरच्या डब्यात बसतो. त्याच वजनाच्या पिठाला नऊ लिटरच्या आसपास डबा लागतो.

मालाची तीन खाती

माल तारण ठेवून कर्ज देताना बँक साठ्याचे विवरण मागते. जो माल दीर्घकाळ हललेला नाही, तो गोदामात दिसत असला तरी कर्जाच्या हिशेबात धरला जात नाही. साठ्याच्या शास्त्रात जलद हलणारा, सावकाश हलणारा आणि न हलणारा अशी मालाची तीन खाती करतात. स्वयंपाकघरातही हीच खाती करावीत.

ही विभागणी अंदाजाने करू नये, कारण स्वतःच्या घरातील प्रत्येक वस्तू ‘लागते’ असेच वाटते. एक साधी रीत आहे. महिन्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येक डब्याला, पातेल्याला आणि यंत्राला कागदाची लहान चिठ्ठी चिकटवावी. वस्तू वापरली की चिठ्ठी काढून टाकावी. पहिल्या आठवड्यात ज्यांच्या चिठ्ठ्या गेल्या, त्या रोजच्या वस्तू. महिनाअखेरपर्यंत ज्यांच्या गेल्या, त्या सावकाश हलणाऱ्या. ज्यांच्यावर चिठ्ठी तशीच राहिली, त्यांपैकी दिवाळीचा साचा, पर्युषणातील पारण्याची मोठी भांडी, आंब्याच्या रसाची चाळण यांवर त्या त्या महिन्याचे नाव लिहावे. नाव लिहिता येत नाही अशी वस्तू न हलणारा माल समजावी. चार मिक्सरची अकरा भांडी, झाकण हरवलेले डबे, भेट मिळालेले काचेचे संच, हातभट्टीसाठी घेतलेल्या आणि दोनदाच वापरलेल्या थाळ्या हा ऐवज बहुतेक घरांत याच खात्यात निघतो.

खाती ठरली की जागा ठरवणे सोपे जाते. उभ्या माणसाच्या गुडघ्यापासून खांद्यापर्यंतची जागा ही पहिल्या दर्जाची. ती केवळ रोजच्या वस्तूंची. मिसळणाचा डबा, मीठ, साखर, चहा, रोजच्या दोन डाळी, पोळपाट-लाटणे, परात, कुकर, चार पातेली येथे असावीत. गुडघ्याखालच्या जागेत जड पण नित्याच्या वस्तू, शक्यतो बाहेर ओढता येणाऱ्या ट्रॉलीत ठेवाव्यात. दोन फूट खोल कपाटात दार उघडून वाकावे लागते; पुढच्या रांगेमागे काय आहे, हे दिसत नाही; आणि मागचा अर्धा भाग आपोआप न हलणाऱ्या मालाचे गोदाम होतो. खांद्यावरच्या फळीवर आठवड्यातून लागणाऱ्या हलक्या वस्तू ठेवाव्यात. माळ्यावर सणासुदीच्या आणि केवळ हलक्या वस्तू असाव्यात. पितळेचे पातेले, काचेचे भांडे, भरलेला तेलाचा डबा माळ्यावर मुळीच नसावा. साठी ओलांडलेल्या स्त्रीने स्टुलावर चढून तो उतरवण्याच्या प्रसंगात खुब्याचे हाड मोडले, तर त्या घराचे वर्ष त्यातच जाते. त्यापुढे जागेची कोणतीही बचत क्षुल्लक आहे.

डब्यांच्या आकाराचाही हिशेब आहे. आपल्या घरांतून पोलादी गोल डब्यांच्या रांगा हे वैभव मानले जाते. परंतु गोल डबा ज्या चौकोनी जागेत बसतो, तिच्यातील सुमारे २१ टक्के जागा चार कोपऱ्यांत वाया जाते. पाच गोल डब्यांतील जिन्नस तितक्याच रुंदी-उंचीच्या चार चौकोनी डब्यांत मावतो. म्हणून असलेले डबे टाकून नवे घ्यावेत असे नाही. नवा डबा घेण्याची वेळ येईल तेव्हा तो चौकोनी घ्यावा. मसाल्यांच्या लहान डब्यांसाठी दाराआडच्या भिंतीवर चार इंच खोल फळ्या पुरेशा होतात. एका फळीवर एकच रांग, हा नियम पाळला की मागे काही दडत नाही आणि तीच हळद दोनदा आणली जात नाही. शेगडीच्या अगदी वर किंवा लगत मात्र मसाले आणि तेल ठेवू नये; उष्णतेने मसाल्याचा वास उडतो आणि तेल लवकर खवट होते.

जेथे जागा वाचवू नये

काही जागा रिकामी दिसते, पण ती मोकळी नसते. सिलिंडरचे कपाट हे त्यांतील पहिले. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून त्या कपाटाच्या दाराला खालच्या बाजूस जाळी असावी, सिलिंडर उभाच असावा, आणि त्याभोवतीच्या सांदीत रद्दी, पिशव्या, कांड्या-खोकी कोंबू नयेत. नळाने येणारा नैसर्गिक गॅस याउलट हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो. तेथे वरच्या बाजूची खिडकी किंवा झरोका बंद होता कामा नये. नळाचा गॅस आल्यावर सिलिंडरची जागा सुटते, ही मोठी सोय आहे. पण झरोक्यापुढे डब्यांची उतरंड रचून ती सोय गमावू नये. शीतकपाटाच्या मागे आणि बाजूला हवा खेळण्यापुरते अंतर हवे. शेगडीच्या दोन्ही बाजूंना गरम पातेले उतरवण्याइतकी, निदान वीतभर-दीड वीत, जागा मोकळी ठेवावी.

तासांचीही जागा असते

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांत स्वयंपाकघराची खरी परीक्षा हिवाळ्यात होते. पुण्या-मुंबईकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जूनअखेरीस तो सव्वासातपर्यंत असतो. म्हणजे हिवाळ्यात संध्याकाळचा स्वयंपाक, वाढणे आणि जेवणे हे सारे साडेचार ते पावणेसहा या वेळेत उरकायचे. त्याच वेळी मुले शाळेतून येतात, दुकानावर डबा जायचा असतो, आणि ३१ चौरस फुटांत दोन स्त्रिया व एक तापलेली कढई यांना एकमेकींना वाट द्यायची असते. कढई घेऊन वळणाऱ्याचा आणि डबा भरून निघणाऱ्याचा धक्का लागणे हा येथे कोणाच्या वेंधळेपणाचा भाग नसतो.

अशा घरात फुटांची जागा वाढत नसेल तर तासांची जागा वाढवता येते. भाजी निवडणे-चिरणे, कणीक भिजवणे, पाणी गाळून भरणे ही कामे तीनच्या आत उरकली तर सायंकाळी ओट्यावर केवळ शेगडीचे काम राहते. पाण्याची जागा स्वयंपाकघराच्या दाराशी किंवा बाहेर नेली तर पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण शेगडीपर्यंत येत नाही. गाळणे, हंडा आणि उकळलेल्या पाण्याचे भांडे एकत्र, एकाच फळीवर असावे. डबा भरण्याचे काम जेवणाच्या टेबलावर करावे. एवढ्याने ओट्यावरची गर्दी बरीच कमी होते; यासाठी सुताराला एक रुपया द्यावा लागत नाही.

फ्रँकफुर्टचा धडा आणि त्याची मर्यादा

लहान स्वयंपाकघराचा शास्त्रशुद्ध विचार जर्मनीत शंभर वर्षांपूर्वी झाला. १९२६ मध्ये वास्तुरचनाकार मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफुर्ट शहरातील कामगार वसाहतींसाठी १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे सुमारे ७० चौरस फुटांचे स्वयंपाकघर आखले. आगगाडीच्या भोजनडब्यातील अरुंद स्वयंपाकघर त्यांच्यापुढे होते. प्रत्येक काम करताना किती पावले पडतात, हे मोजून त्यांनी वस्तूंच्या जागा ठरवल्या. तांदूळ, साखर इत्यादींसाठी नावे कोरलेले, मुठीचे ॲल्युमिनियमचे लहान खण होते. पिठाचा खण मात्र किडीपासून रक्षण व्हावे म्हणून ओक लाकडाचा होता. खिडकीखाली कामाची फळी होती आणि तिच्याशी बसून काम करण्यासाठी एक फिरते स्टूल होते. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात उभी राहिली. आजच्या मॉड्युलर स्वयंपाकघराचे मूळ येथे सापडते.

या रचनेवर पुढे एक आक्षेप घेतला गेला. तेथे एकाच व्यक्तीला काम करता येई. दुसऱ्या व्यक्तीला, मग ती मूल असो वा सासू, आत जागाच नव्हती. आपल्या घरांत हा आक्षेप अधिक लागू पडतो. सुतार येतो, माप घेतो, चकचकीत चित्र दाखवतो. त्या चित्रात ओट्याशी उभी असलेली एकटी तरुण स्त्री दिसते. त्यात आजी कोठेच नसतात.

जुन्या स्वयंपाकघरात त्या पाटावर बसून निवडत, टिपत, सोलत, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत, फोडणीच्या वासावरून हिंग कमी पडले हे सांगत. उभ्या ओट्याच्या स्वयंपाकघरात त्यांना दहा मिनिटांहून अधिक उभे राहवत नाही. कोणी त्यांना बाहेर जा म्हणत नाही. पण जागा त्यांना बाहेर काढते. सत्तरी गाठलेल्या स्त्रीच्या हातून असे काम सुटले की घरातील तिचे स्थानही हळूहळू केवळ दिवाणखान्यातील एका खुर्चीपुरते उरते. स्वयंपाकघराच्या नव्या रचनेत याचा विचार पैशांच्या विचाराआधी व्हावा.

उपाय फार मोठा नाही. दाराजवळच्या किंवा खिडकीखालच्या भिंतीला घडी होणारी, दीड फूट रुंद आणि अडीच फूट लांब फळी बसवावी. तिची उंची अडीच फूट ठेवली म्हणजे साध्या खुर्चीवर बसून काम करता येते. काम झाले की फळी भिंतीला टेकते आणि खुर्ची बाहेर जाते. धान्य निवडायला उजेड लागतो, म्हणून फळीवर दिवा असावा. फ्रँकफुर्टच्या त्या स्टुलामागचा विचार हाच होता. काम बसून होत असेल तर माणसाने उभे का राहावे?

माळ्यावरची भांडी कोणाची?

सर्वांत नाजूक प्रश्न न हलणाऱ्या मालाचा. माळ्यावरची पितळी भांडी, लग्नात आलेले हंडे-घागरी, नाव आणि साल कोरलेली ताटे, शंभर माणसांच्या पंक्तीचे पातेले हा ऐवज हिशेबात न हलणारा असला, तरी ज्यांच्या माहेराहून तो आला त्यांच्या दृष्टीने तो माल नव्हे. घर आवरण्याच्या उत्साहात, त्या गावाला किंवा दर्शनाला गेल्या असताना, मुला-सुनेने ही भांडी वजनावर मोडीत घातली तर माळा रिकामा होतो आणि मनात कायमची अढी बसते. पैसे किती आले, हे वर्षभरात विसरले जाते. न विचारता दिले, हे विसरले जात नाही.

म्हणून ही भांडी त्यांच्या मागे नव्हे, त्यांच्या हातून निघावीत. एखाद्या रविवारी सारी भांडी खाली उतरवून, पुसून, त्यांच्यासमोर मांडावीत. कोणते मुलीला, कोणते नातीला, कोणते धाकट्या जावेला हे त्यांनी ठरवावे आणि स्वतःच्या हाताने द्यावे. एखादे मोठे पातेले स्थानकाच्या किंवा मंदिराच्या भोजनशाळेला दिले तर ते पुन्हा चुलीवर चढते. एक-दोन भांड्यांना कल्हई करून ती रोजच्या वापरात आणावीत. नाव कोरलेल्या ताटात नातवाला जेवताना पाहण्यासारखी दुसरी जागा त्या ताटाला नाही. उरलेले मोडीत घालायचे असेल तर तो शब्दही त्यांच्याच तोंडून यावा. ज्यांनी चाळीस वर्षे कोठीघराच्या किल्ल्या सांभाळल्या, त्यांना साठ्याचा निकाल लावता येणार नाही असे समजणे योग्य नव्हे. बहुधा असे दिसून येते की विचारले गेल्यावर मोह कमी होतो. न विचारता नेले की तो वाढतो.

सुनेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. सहा महिने हात न लागलेली वस्तू पहिल्या दर्जाच्या फळीवर ठेवण्याचा आग्रह, ती वस्तू कितीही आवडीची असली तरी, कोणी धरू नये. रोज चार तास जी तेथे राबते, तिचा हात जेथे सहज पोहोचतो ती जागा तिच्या कामाची आहे. मान भांड्याचा राखावा, आणि कामाची सोय हातांची पाहावी.

आधी मोजदाद, मग सुतार

नवे घर घेताना किंवा जुने नव्याने करताना बहुतेक कुटुंबे आधी सुताराला बोलावतात. त्याने सुचवलेली कपाटे होतात, लाखाचा खर्च होतो, आणि न हलणारा माल चांगल्या कपाटात जाऊन बसतो. क्रम उलटा हवा. एक महिना चिठ्ठ्यांची मोजदाद. त्यानंतर भांड्यांचा निकाल. त्यानंतर धान्याचा साठा महिन्यावर आणणे. आणि मग जे उरेल त्याच्या मापाने कपाटे. असे केल्यावर अनेकदा निम्म्या कपाटांत भागते, हे आढळून येते. ओट्याची उंचीही त्याच वेळी ठरवावी. उभे राहून कोपर वाकवले असता कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा असावा. सुताराच्या ठरीव मापापेक्षा घरात जी अधिक काळ काम करते तिचे माप घेतले, तर पुढची वीस वर्षे कंबर कमी दुखते.

दिवाळीला दुकानातील साठ्याची मोजणी होते, जुन्या वह्या बंद होतात आणि नव्या वहीचे पूजन होते. त्याच आठवड्यात एक दुपार स्वयंपाकघराच्या मोजणीसाठी काढावी, आणि दुकान सांभाळणाऱ्या पुरुषांनीही तेथे बसावे. हा व्यवसाय त्यांच्या हातचा आहे. दुसरी मोजणी चातुर्मासाच्या आधी, पावसाळी हवा धान्याला लागण्यापूर्वी व्हावी. मोजणी संपल्यावर मोजपट्टीने सलग मोकळा ओटा किती फूट आहे ते मोजावे आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी तो आकडा वाढला की घटला, यावरून त्या घराने वर्षभरात काय साठवले आणि काय मोकळे केले, हे कोणालाही वाचता येईल.